कोणी दाबलं

"कोणी दाबलं?"

शब्द बाईंच्या तोंडून गेले आणि मग त्यांना ऐकू आले. आवाज त्यांचाच होता, पण चढलेला, धार आलेला. समोर अल्कोहोल आणि पाणी वेगळं करणारा काचेचा उंच कॉलम उभा होता. सकाळपासून त्यातून वाफ वर चढत होती आणि एकावर एक रचलेल्या ट्रेंवर द्रव खदखदत होता. आता कोणीतरी आणीबाणीचं लाल बटण दाबून वाफ तोडल्यामुळे, तिच्याच जोरावर तोललेला तो सगळा द्रव वरच्या ट्रेमधून खालच्यात, तिथून आणखी खालच्यात असा गळत तळाकडे चालला होता. कॉलमला तोल सापडायला निम्मा दिवस लागतो. वरून किती शुद्ध अल्कोहोल निघतं आणि खाली किती पाणी उरतं, हे आकडे हलायचे थांबतात तेव्हा कुठे खरा प्रयोग सुरू होतो. आज ते नुकते थांबले होते. दाराशी विभागप्रमुख उभे होते आणि त्यांच्या मागे मूल्यांकन समितीचे पाहुणे. "हा आमच्या विभागाचा" एवढंच वाक्य विभागप्रमुखांच्या तोंडून बाहेर पडलं होतं, तेवढ्यात पंपाची घरघर बंद पडली.

मुलांमध्ये कोणी हललं नाही. मग एक हात वर झाला. तो होता हेल्मेटचा. शेवटच्या वर्षातल्या या मुलीला तिच्या वर्गानंच हे नाव ठेवलं होतं, कारण प्रयोगशाळेतलं पिवळं हेल्मेट ती जिना उतरून कॅन्टीनमध्ये पोचेपर्यंत काढायला विसरायची. विभागप्रमुखांनी का दाबलं म्हणून विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली. मागे कोणीतरी खुदकन हसलं. काहीतरी बरोबर वाटलं नाही, असं ती पुढे म्हणाली, आणि आपण म्हटलेलं किती पोकळ वाटतंय हे तिलाच जाणवलं असावं, कारण तिनं मान खाली घातली. विभागप्रमुखांनी पॅनेलकडे बोट केलं. थंड पाण्याचा प्रवाह ठीक, तापमान ठीक, दाब ठीक, सगळे काटे जागच्या जागी. पाहुण्यांना घेऊन ते पुढच्या खोलीकडे वळले. बाई मात्र तिथंच उभ्या राहिल्या, जीभ चावल्यासारख्या.

कारण या एका प्रश्नाबद्दल त्यांनी शब्द दिलेला होता. दरवर्षी, नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी, फळ्याला हात लावायच्या आधी त्या सगळ्यांना खाली प्रयोगशाळेत नेत आणि खांबावरच्या लाल बटणापुढे उभं करत. हे बटण कोणीही दाबावं, त्या सांगत, झाडायला आलेल्यानंही. शंका आली की दाबावं. कोणी दाबलं हे मी विचारणार नाही आणि का दाबलं हेही विचारणार नाही. मुलं एकमेकांकडे बघून हसत, एखादा वात्रट बोट पुढे करून दाबल्यासारखं करी, आणि बाईही हसत. कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या. या एकट्या बाई होत्या, आणि त्याचं कारण बहुधा हे पहिल्या दिवसाचं बोलणंच होतं, शाळेतल्यासारखं. पण एवढ्या वर्षांत ते बटण कोणी दाबलंच नव्हतं. दिलेला शब्द पाळायची वेळच आली नव्हती. कोपऱ्यात ठेवलेल्या छत्रीसारखा तो शब्द नुसता उभा होता. आज उघडायची वेळ आली तेव्हा त्याच्या काड्या मोडलेल्या निघाल्या.

त्या आपल्या खोलीत येऊन बसल्या. भिंतीवर विभागाची उद्दिष्टं छापलेला फलक होता, पाहुण्यांसाठी नव्यानं लावलेला. जबाबदार, सर्जनशील, समाजाभिमुख अभियंता घडवणे. वाक्यं खोटी नव्हती. ती लिहिणाऱ्या समितीत बाई स्वतःच होत्या. पण असले शब्द वाचताना त्यांना नेहमी औषधाच्या रिकाम्या बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं वाटे. खरं काय घडतं ते त्यांनी पाहिलं होतं. पहिल्या वर्षाला येणारी पोरं वही उघडायच्या आधी उत्तर विचारतात. मग त्यांना ताळा शिकवावा लागतो. जे आत गेलं ते बाहेर आलं पाहिजे, नाहीतर आत साचलं असलं पाहिजे, तिसरी वाट नाही. ऐकायला पोरखेळ वाटणारी ही गोष्ट. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कधीतरी एखादा मुलगा येऊन सांगतो की बाई, काल धुराड्याखालून जाताना मी मनातल्या मनात हिशोब केला, किती कोळसा जळत असेल. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असतं त्यासाठी बाई गेली कित्येक वर्षं या रंग उडालेल्या इमारतीत येत होत्या. जग गुळगुळीत दिसत होतं, ते आता त्याला उघडून बघता येतं. नळाचं पाणी कुठून तरी येतं आणि कुठे तरी जातं. साबण कोणीतरी उकळलेला असतो. फेकलेली वस्तू कुठेही "बाहेर" पडत नाही, कारण बाहेर नावाची जागाच नसते. रासायनिक अभियांत्रिकीइतका सज्जन विषय दुसरा नाही, असं बाईंचं ठाम मत होतं. तो माणसाला हरवलेल्या गोष्टीचा पत्ता विचारायला लावतो.

आणि तरी एवढं पुरत नाही, हे त्यांना ज्यानं शिकवलं तो माणूस आठवला की अजूनही त्या खुर्चीत ताठ बसत. पदवी घेऊन त्या कारखान्यात लागल्या तेव्हा त्यांच्या पाळीचे प्रमुख होते ते काका. सगळा कारखानाच त्यांना काका म्हणे, त्यांच्याहून वयानं मोठे फिटरसुद्धा. काका हळू बोलत, खाली बघून चालत आणि यंत्रांच्या मधून जाताना उगाच कुठेतरी तळहात टेकवत, गोठ्यातून जाणारा माणूस जनावरांच्या पाठीवर टेकवतो तसा. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात बाईंना माल वाळवणाऱ्या ड्रायरच्या आवाजात काहीतरी वेगळं वाटलं. काय वेगळं, ते सांगता येईना. काकांपाशी त्या गेल्या आणि ततपप करत राहिल्या. काकांनी त्यांचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. उठले, ड्रायर बंद केला, त्याच्यामागची सगळी ओळ बंद केली. खोलून बघेपर्यंत दिवस मावळला. काही सापडलं नाही. मॅनेजर वरून खाली आला तो लालबुंद होऊनच. कुणाच्या डोक्यातून हे खूळ निघालं, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. काका म्हणाले, मी बंद केला. बस्स, एवढंच. मॅनेजर बराच वेळ बोलत राहिला आणि काका हात मागे बांधून ऐकत राहिले, जणू पावसात आडोशाला उभे आहेत. नंतर बाई त्यांच्याकडे माफी मागायला गेल्या, तर त्यांनी विचारलं, पुन्हा तसं वाटलं तर येशील ना? बाई हो म्हणाल्या. मग झालं तर, काका म्हणाले, आणि डबा उघडून जेवायला बसले. तो आवाज खरा होता की नव्हता हे बाईंना कधीच कळलं नाही. पण त्यानंतर त्या कितीतरी वेळा काकांकडे गेल्या, आणि त्यातल्या काही वेळा तरी जाणं फार बरं झालं होतं.

दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर त्या खाली उतरल्या. कॉलम गार पडला होता, तळाशी सगळा द्रव मुकाट जमून राहिला होता. वाफ गार करून पुन्हा द्रव करणारं पाणी अजून चालू होतं, कारण लाल बटण फक्त वाफ आणि पंप तोडतं, पाणी नाही. मुलगी उभी होती तिथं बाई जाऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटले. आणि काही वेळानं त्यांच्या लक्षात आलं की इथं फार शांत आहे. या कोपऱ्यात अशी शांतता कधी नसते. इथं गार पाण्याची नळी जमिनीतल्या गटारात सुटलेली असते आणि ती दिवसभर बडबडत असते, इतकी की व्याख्यान देताना आवाज चढवावा लागतो. बाई वाकल्या. नळी जागेवर होती, पण तिचं तोंड कोणीतरी गटारातल्या पाइपात खोल सारलेलं होतं, पाहुण्यांच्या बुटांवर शिंतोडे नकोत म्हणून. सकाळी उशिरा, प्रयोग चालू असताना, कधीतरी. पाणी वाहत होतं, नुसतं बोलत नव्हतं. पण आवाज बंद म्हणजे पाणी बंद, असंच कानाला वाटणार; आणि थंड पाणी थांबलं तर वाफ गार होणार नाही, वरच्या तोंडातून खोलीत सुटेल, आणि ती वाफ अल्कोहोलची. मुलीच्या कानाला ते कळलं होतं आणि तिला स्वतःला कळलं नव्हतं. बाईंना एकदम इतकं हलकं वाटलं की तिथंच ओल्या फरशीवर बसावंसं वाटलं. कारण मिळालं होतं. उद्या सकाळी विभागप्रमुखांनी मुलीला जाब विचारायला बोलावलं होतं; तिथं हे ठेवलं की मुलगी सुटली, आणि मुलगी सुटली की बाईही सुटल्या.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर बोलू न शकणाऱ्या माणसांशी बोलून घरी आल्यावर तो सहसा ऐकण्याच्या बाजूला असे. विभागप्रमुख प्रयोगाला शून्य मार्क देणार म्हणतायत, बाई म्हणाल्या, चौघांच्या गटाला. पोरीची नोकरी ठरलेली आहे, निकालावर शेरा आला तर ती हातची जाईल. पण आता कारण सापडलंय. नवऱ्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला की कारण सापडलं नसतं तर तू काय केलं असतंस? बाईंना त्याचा राग आला. तू दाढा उपट, त्या म्हणाल्या. तो हसला, आणि मग हसणं थांबवून म्हणाला,

"मी रोज पेशंटला सांगतो, दुखलं तर हात वर करा. माणूस हात वर करतो. मी लगेच थांबतो, आणि विचारतो, कुठे दुखतंय? त्याच्या तोंडात माझी हत्यारं. बिचारा काय सांगणार? तो हात खाली घेतो. पुढे कितीही दुखलं तरी पुन्हा वर करत नाही, खुर्ची घट्ट धरून बसतो. आणि मला वाटतं, वा, काय हलका हात आहे माझा."

भांडी आवरताना, पुसताना, दिवे मालवताना ते बोलणं बाईंच्या मागून फिरत राहिलं. सकाळी प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या बाकीच्या मुलांचे चेहरे त्यांना दिसत होते. हेल्मेटचा नाही, त्या बाकीच्यांचे. काय शिकली होती ती मुलं आज? बाईंनी विचारलं, हे एक. आणि उद्या बाई कारण सांगून तिला सोडवून आणतील तेव्हा मुलं दुसरं शिकतील, की कारण असलं तर माफी असते. म्हणजे पुढच्या वेळी खुपलं तर आधी कारण शोधायचं. काटे बघायचे, शेजारच्याला विचारायचं, हसं तर होणार नाही ना याचा अंदाज घ्यायचा. आणि कारण हाती लागेपर्यंत ज्या गोष्टीला फुटायचं असतं ती थांबत नाही. काकांनी बाईंचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. तो तुटकपणा नव्हता, ती फार मोठी समज होती, हे इतक्या वर्षांनी, ओल्या हातांनी ओट्यापाशी उभं असताना बाईंच्या ध्यानात आलं. आणि तरीही त्यांना मुलीला सोडवायचं होतं. तत्त्वासाठी आपली नोकरी टांगणीला लावता येते, दुसऱ्याच्या पोरीची कशी लावणार?

सकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत खुर्च्या कमी होत्या, म्हणून मुलगी उभीच होती, हेल्मेट काखेत धरून. समितीतल्या एक पाहुण्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनीच बसू का म्हणून विचारलं होतं आणि नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. उष्णतेच्या प्रवाहावर त्यांच्याइतकं सुंदर शिकवणारं आसपास कोणी नव्हतं. कधीकाळी ते बाईंचेच विद्यार्थी होते, त्या लाल बटणापुढे त्यांनीही हसून घेतलं होतं. ते म्हणाले की शंका येणं समजू शकतो, पण पॅनेल समोर होतं, त्यावर एक नजर टाकायला किती वेळ लागतो? चार वर्षं आपण मोजायला शिकवतो. न मोजता बंद करणं ही शिकल्याची खूण की न शिकल्याची? प्रश्न बिनतोड होता. बाईंना तो आवडलासुद्धा. मग विभागप्रमुखांनी आवाज खाली आणून म्हटलं, "आणि बाई, रागावू नका, पण कोणी दाबलं हे तुम्हीच विचारलंत. मी नाही."

बाईंचे कान तापले. नळीची गोष्ट ओठांवर आली होती. एक वाक्य, आणि ही खोली मोकळी. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाहुण्या बाईंनी मुलीला विचारलं, की नंतर तरी काही कारण सापडलं का?

"सापडलं," हेल्मेट म्हणाली. बाईंनी मान वर केली. "काल संध्याकाळी खाली जाऊन शोधलं. पण ते मी सांगितलं तर चालेल का, ते मला ठरवता येत नाहीये."

विभागप्रमुखांच्या कपाळावर आठी पडली. म्हणजे काय, त्यांनी विचारलं.

"म्हणजे सर, दाबलं तेव्हा ते माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे नुसती शंका होती. आता ते सांगून मार्क घेतले तर मी रीडिंग मागाहून भरल्यासारखं होईल."

मागाहून रीडिंग भरणं ही या इमारतीतली सर्वांत मोठी शिवी होती. प्रयोग वाया गेला तरी चालेल, आकडा जुळला नाही तरी चालेल, पण जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हे पहिल्या वर्षापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. मुलीनं ते नियम म्हणून पाठ केलं नव्हतं. स्वतःची मान अडकलेली असताना तिनं ते उचलून नेमकं तिथं ठेवलं होतं जिथं बाईंना रात्रभर ठेवता आलं नव्हतं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. हेल्मेटचा पट्टा ती अंगठ्यानं खरवडत होती, घाबरलेली तर होतीच. चार वर्षांपूर्वी हीच मुलगी पहिल्या बाकावर बसून विचारायची, की बाई, हे परीक्षेत येतं का? काय घडलं होतं मधल्या काळात, कोणत्या तासाला, कोणत्या पानावर? हजेरीपत्रकात त्याची नोंद नसते. आपण शिकवतो एक आणि ही मुलं शिकून बसतात त्याच्या पलीकडचं. त्या क्षणी बाईंना तिच्याबद्दल वाटलं ते निव्वळ कौतुक नव्हतं. वयानं लहान माणसापुढे आपण मनातल्या मनात उठून उभे राहतो तसं काहीतरी होतं.

त्यांनी नळीचं नाव काढलं नाही. विभागप्रमुखांना त्या एवढंच म्हणाल्या की तुम्ही म्हणता ते खरं आहे, मोजायला शिकवणं हे आपलं कामच आहे. पण मोजायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळवून देणारी वस्तू म्हणजे ते बटण. चूक झाली ती माझी, मी विचारलं. शून्य मार्क देणं विभागप्रमुखांना मनापासून नको होतं, आणि नियमाला मान तुकवल्याचं पाहुण्यांसमोर दिसायलाही हवं होतं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. शनिवारी गटानं प्रयोग पुन्हा करावा, मार्क त्याचे धरू, शेरा नको. पाहुण्या बाईंनी कुठलंच मत दिलं नाही. जाताना त्यांनी मुलीला फक्त विचारलं, हेल्मेट डोक्याला घट्ट होत नाही का?

शनिवारी बाईंनी चौघांना नाही, सगळ्या वर्गाला बोलावलं. सुटी बुडाल्यामुळे पोरं कुरकुरत आली. एकजण तर चपला घालून आला होता, त्याला बूट घालून यायला परत पाठवावं लागलं. कॉलमसमोर सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले तेव्हा बाईंनी घसा साफ केला. भाषण त्यांनी घरी जमवलं होतं, काकांची गोष्टही सांगायची होती. पण समोर बघितल्यावर त्यांना ती सगळी सजावट वाटू लागली.

"त्या दिवशी मी विचारलं," त्या म्हणाल्या. "विचारायला नको होतं. माझा शब्द मी मोडला. आता पुन्हा देते, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवायला बांधील नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हसलंही नाही. मुलं चुळबुळत आपापल्या जागी गेली. वाफ सोडली, पंप सुरू झाला, खालच्या ट्रेवर पहिले बुडबुडे दिसले आणि हळूहळू एकेक मजला जागा होत वर गेला. बाईंनी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. तरी दर वेळी त्या श्वास धरून बघत, कारण नुसत्या उष्णतेवर आणि भोकं पाडलेल्या पत्र्यांवर एवढा तोल उभा राहतो हे त्यांना अजून पुरतं खरं वाटत नव्हतं. आकडे खाली-वर होत होते. मुलं वाचत होती, लिहीत होती, एकमेकांना दबक्या आवाजात शिव्या देत होती. पण बाईंना दिसत होतं की बटणाच्या खांबाभोवती जागा मोकळी आहे. येता-जाता मुलं तिथून थोडं वळसा घालून जात होती, ओल्या रंगाजवळून जातात तशी. बाईंच्या मनात आलं, गेलं हे बटण. माझं एक वाक्य आणि ते गेलं. आता भिंतीवरच्या फलकासारखं तेही नुसतं टांगलेलं राहील, आणि ही मुलं उद्या मोठमोठ्या कारखान्यांत जातील, जिथं काका नसतील, आणि खुर्ची घट्ट धरून बसतील.

त्या फळ्याकडे वळल्या. हेल्मेट आणि तिच्या गटानं लिहिलेले आकडे तपासू लागल्या. आकडे जवळजवळ थांबत आले होते. आणखी थोडा वेळ, की प्रयोग पुरा. त्यांनी खडू हातात घेतला, आणि मागे पंपाची घरघर तुटली.

वाफेचा फुसकारा बंद झाला. मग ट्रेंवरून द्रव कोसळू लागल्याचा आवाज, वरून खाली, एकेक मजला सोडत. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं आणि गप्प बसलं. सगळा वर्ग आपल्या पाठीकडे बघतोय हे बाईंना मानेवर कळत होतं. कोण असेल? चपलावाला? तो खुदकन हसणारा? की पुन्हा हेल्मेटच? आवाज बरोबर नव्हता का कुठला, की नुसतंच बघितलं कोणीतरी, ही बाई आता काय करते ते? खांबाकडे वळायला अर्धं पाऊलही लागलं नसतं. त्यांच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेला होता, आणि तिथं एक जाड पांढरा ठिपका उमटत चालला होता.

"चला," बाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "पुन्हा सुरू करायच्या आधी काय काय बघून घ्यायचं? एकेकानं सांगा."